सोडियम कोणी पाहिलंय?

पेणच्या दवाखान्यात नेत्रा नंबरची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर औषधासाठी थांबलेले म्हातारे दयाराम, त्यांची बायको सोनूबाई आणि अकरावीतली नात प्राप्ती यांची जुंपली होती.

"आबा, डॉक्टर आजही तेच म्हणाले. सोडियम कमी करा."

"मी कधी खाल्लंच न्हाय, तर कमी काय करू?"

"मिठातच असतं ते."

"मिठात? उभा जन्म मिठागरात मीठ ओढलं. मला कधी दिसलं न्हाय!"

"सुटं कसं दिसेल? नुसतं सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं. क्लोरीन तर विषारी वायू. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतं. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. तेच मीठ."

"देणारा धन? वा! आमच्या गावात देणारा भिकेला लागतो."

"इलेक्ट्रॉनच ऋण असतो, आबा. तो गेला की बाकी धनच राहतं."

"ऐका जरा," सोनूबाई म्हणाल्या, "तुम्हाला घेण्यापलीकडं काय ठावं हाय?"

"तू बोलू नको. महिनाभर मला अळणी वाढतेस आणि तुम्ही सगळे चवीनं जेवता."

"व्हय तर! तुमच्यासाठी वेगळी चूल मांडलीय ना मी!"

"म्हणजे?"

"आजी पण अळणीच खाते, आबा. आम्ही सगळेच."

"मग मला सांगायचं न्हाय का?"

"सांगितलं असतं तर," सोनूबाई म्हणाल्या, "तुमची कुरकुर थांबली असती. मग मला घरात करमलं असतं का?"

नेत्राचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला, तेव्हा कुठं ती उठली.