येतोय की घरी, एवढंच म्हणाले मी

—महिन्यापूर्वीच्या एका शनिवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, मावशी. तिथून सुरू झालं हे सगळं. तुम्ही मघाशी इथं सराव बघता बघता त्या चष्मेवाल्यांना सांगत होतात ना, की ब्रोडी निघाल्याची बातमी ॲडलेडच्या क्लबानं मुद्दाम पेरली, पोराचा भाव पाडायला — तर तसं काही नाही. क्लबबिब कुणी नाही त्यात. आमच्या गावच्या मैदानावर झालं ते. गाव तुम्हाला माहीत नसणार, पार समुद्राच्या टोकाला आहे, कालवांचं गाव. दोनला मोठ्यांच्या फुटबॉल सामन्याचा भोंगा होणार, सगळ्यांना त्याच्या आधीच खायचं असतं, मी खिडकीत पावात सॉसेज घालून देत होते, तिकडे कांदा करपत होता — आणि ग्लेननं विचारलं, त्याचं गळाचं नि आमिषाचं दुकान आहे, विचारलं, काय मग, ब्रोडी काय म्हणतोय? मी म्हटलं, काय म्हणणार, येतोय की घरी. बस. सॉस किती घालू, म्हटलं, आणि पुढच्याला पाव दिला.

हो, मीच ती, ब्रोडीची आई. बसा ना, उठू कशाला लागलात — मला काही राग आलेला नाही. तुम्हाला वाटलं असेल बहीण वगैरे. सगळ्यांना वाटतं. सतरा वर्षांची होते मी तो झाला तेव्हा. मी आणि तो असे एकदमच मोठे झालो म्हणा ना.

तर ग्लेनला मी म्हणत होते ते ऑक्टोबरच्या सुट्टीबद्दल. हंगाम संपला की तीन आठवडे येतो, झोपतो, फ्रिज रिकामा करतो, होडी घेऊन जातो. कुणाचंही पोर परगावी असलं तर आई काय म्हणते? हेच म्हणते. पण दुसऱ्या राज्यातून ड्राफ्टमध्ये, क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, उचललेल्या पोराच्या आईनं म्हटलं की संपलं. तिच्या तोंडी ‘घरी येतोय’ म्हणजे दोन वर्षांचा करार संपला, नवीन सही करत नाही, आपल्या राज्यातल्या क्लबाकडे, म्हणजे ॲडलेडला निघाला. ग्लेननं मेव्हण्याला सांगितलं, मेव्हणा रेडिओवर फोन करून बडबडणाऱ्यांतला, आणि रात्रीच्या आत इथं मेलबर्नमध्ये तुम्हाला सगळ्यांना ठाऊक — आईनंच सांगितलंय म्हणे. आता ॲडलेड म्हणजे तरी माझं घर आहे का हो? आमच्या दारातून गाडीनं निघालं तर दिवस जातो ॲडलेडला पोचायला. पण तुमच्या लेखी ते सगळं एकच, तिकडचं ते तिकडचं.

नाही, तुमची चूक कशी म्हणू. तुमच्या कोटावर हे खेळाडूंच्या नंबरांचे बिल्ले — तिसाचा आहे, बत्तिसाचा आहे, आणि मधे नुसतीच दोन बारीक भोकं. मी मघापासून बघतेय. मी काही म्हणत नाहीये. थंडी आहे, कोट नीट लावून घ्या.

आणि मी वाचते ना सगळं, तुम्ही लोक लिहिता ते. एकजण म्हणतो नववा नंबर वाया घालवला, त्याच्यामागून दहाव्या नंबरवर गेलेला पोरगा बघा आज कुठे आहे. दुसरा म्हणतो जातोय तर जाऊ दे, बदल्यात पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले दोन नंबर घ्या. ते चष्मेवाले मघाशी एकाच नंबराला राजी होते, तुम्ही दोनांवर अडून बसलात — मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. आम्ही शेडमध्ये कालवं निवडतो, मोठी इकडे, मध्यम तिकडे, बारीक परत पाण्यात. तुम्हीही तसंच करता, फक्त बारीक झालेलं तुम्ही परत पाण्यात सोडत नाही. असो. एकानं लिहिलं होतं, आईला इथंच घर घेऊन द्या, काम फत्ते. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, नवरापण शोधून द्या. मी हसले. एकटीच बसून हसले चांगली.

क्लबवाल्यांनी विचारलं होतं तसं, पहिल्या वर्षी. या म्हणाले इकडे राहायला. चांगली माणसं आहेत. पण मला भरती-ओहोटीच्या हिशोबानं जगायची सवय, मी इथं काय करू, ट्राम मोजू? आणि — त्यानं नाही विचारलं. क्लबानं विचारलं. त्यानं नाही.

ड्राफ्टच्या दिवशी सगळं गाव पबमध्ये टीव्हीपुढे बसलं होतं. नववं नाव ब्रोडी नोस्के म्हणाले आणि कुणीतरी बिअरच उडवली छतापर्यंत. मीपण ओरडले. सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले असेन. मग जरा शांत झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, मेलबर्न की गं. तेव्हा कळलं मला की आपण कशासाठी ओरडलो. आठवडा संपायच्या आत गेला तो. अठरा वर्षांचा होता, त्याला अंडंही तळता यायचं नाही.

तर ते घरी येण्याचं. शनिवारनंतर सोमवारी पोस्टातली बाई म्हणाली, बरं झालं गं, तुझं पोर घरी येतंय. तिला सांगायचं होतं, अगं सुट्टीला. एक शब्द. नाही सांगितला. मग बेकरीत, मग शेडमध्ये — जो तो पाठीवर हात ठेवून जायचा. तीन आठवडे असंच चाललं. दुपारी कुणी भेटेल म्हणून मीच उगाच बाहेर पडायची. आणि त्याचा पलंग बदलला मी, पाय बाहेर येतात त्याचे, आता लांब आणलाय. सुट्टीच्या तीन आठवड्यांसाठी कुणी पलंग बदलतं का, तुम्हीच सांगा. मलाच कळेना झालं, की मी ग्लेनला नक्की कुठल्या घरी येण्याबद्दल म्हणाले होते.

आणि मग गेल्या शनिवारचा सामना. तुम्ही होतात ना मैदानावर? होतातच. टीव्हीवर आधी मला वाटलं पाहुण्यांच्या बाजूचे लोक ओरडतायत. त्याच्याकडे चेंडू आला की हूऽऽ करून ओरडायचं. मग दिसलं, गळ्यात तुमचेच मफलर. एकानं तर फलक आणला होता, आईच्या कुशीत जा म्हणून. त्याची डाव्या पायाची किक कधी चुकत नाही हो, लहानपणी जेट्टीवरून पाण्यातल्या दोन बोयांच्या बरोबर मधून चेंडू घालायचा तो — आणि त्या दिवशी गोलच्या समोरून, अगदी समोरून, बाहेर गेला. तुम्ही नव्हतात ओरडत. मला माहितीये. तुम्ही बिल्ला काढलात फक्त.

रविवारी फोन आला त्याचा. मला वाटलं चिडेल. चिडला नाही, तेच वाईट. मला म्हणाला, “आई, तू म्हणत असलीस तर मी येतो. खरंच येतो.” मी म्हटलं नंतर बोलू, गॅसवर दूध ठेवलंय. गॅसवर काही नव्हतं.

आज संध्याकाळी त्याला क्लबाला उत्तर द्यायचंय, राहतो की जातो. त्याला माझं उत्तर हवंय त्याच्या आधी. म्हणून आले. रात्रभर बसमध्ये, शेजारी एक माणूस चिप्स खात होता. मनात ठरवलं होतं, समोर जाऊन म्हणायचं, ये. फोनवर नाही, समोर. चल म्हणायचं. लांब पलंगाचं सांगायचं.

तो बघा. एकतीस. तो मोजे खाली पाडलेला — कितीदा सांगितलं. नाही, नाही, हाका नका मारू. मी ही टोपी कशाला घातलीय मग. मघापासून एक तास बघतेय मी त्याला. आत्ता तो चेंडू सुटला ना हातातून, आणि त्या लाल केसांच्या पोरानं पाठीवर उडी मारून चिखलात पाडलं — बघितलंत? कसा हसत होता. तोंड उघडून, आडवा पडून. तीन दिवसांपूर्वी पाठीमागे सगळं मैदान ओरडत होतं आणि हा हसतोय.

घरी तो असा हसत नाही. घरी हसतो, पण आधी माझ्याकडे बघतो, मी बघतेय की नाही ते, आणि मग हसतो. माझ्यासाठी हसतो तो घरी. मला वाटायचं तसंच हसू आहे त्याचं.

मला काही झालेलं नाही. वारा आहे डोळ्यांत. नको, चहा नको, तुम्ही घ्या.

ऐका, पोरं कुंपणाकडे यायला लागली सह्या द्यायला, मला निघायला हवं. त्यानं मला बघितलं की परत विचारणार तो, येऊ का म्हणून, आणि त्याच्या तोंडावर मला नाही म्हणता यायचं नाही. फोनवर तर माझा आवाजच फितूर होतो. तेव्हा तुम्ही सांगा. त्याला नव्हे — त्या चष्मेवाल्यांना सांगा, ते रेडिओवाल्यांना फोन करतात ना. बेकरीत सांगा, ट्राममध्ये सांगा. गेल्या वेळी एका दुपारीत सगळीकडे पोचलं, तर आत्ता संध्याकाळच्या आत त्याच्या कानावर जाईलच. त्याच्या आईनं स्वतः सांगितलंय म्हणावं. तो येत नाहीये. राहतोय इथं. आईची ना नाही. असंच सांगा — ना नाही, ह्यातलं काही गाळू नका.

विश्वास नाही बसला कुणाचा, तर सांगा मी तुमच्या शेजारीच बसले होते. नाही — ते नका सांगू. मी आले होते हे नको. तेवढं सोडून बाकी सगळं सांगा. जा ना मावशी, बघताय काय. जा, सांगा.