चेअरमनकाकांचं रक्त

थॅलेसेमियाच्या वॉर्डाबाहेर, नंबर लागेपर्यंत कानावर पडलेलं:

"ओवी, कोरोनात तुला दर तीन आठवड्यांनी रक्त मिळायचं का गं?"

"रक्त मिळायचं हो मंदाकिनीकाकू, लिफ्ट मिळेना. आमच्या सोसायटीचे चेअरमनकाका म्हणायचे, हॉस्पिटलातून आलीस, पाच मजले जिन्यानं चढ."

"आजारी तू, आणि शहाणपण त्यांचं!"

"मग लॉकडाऊनमध्ये रक्तदात्याला बाहेर पडायचा पास मिळतो असं कळल्यावर काकाच रक्त देऊन आले. येताना हापूसची पेटीही आणली."

"अगंबाई!"

"पुढच्या वेळी लिफ्टपाशी म्हटलं, काका, आता माझ्या अंगात तुमचंच रक्त आहे. मला अडवलंत तर तुम्हीही जिन्यानं चला."

"मग?"

"तेव्हापासून स्वतः दार धरून उभे राहतात."

"पण त्यांचं रक्त तुलाच दिलं कशावरून?"

"छे! आमचे रक्तगटच जुळत नाहीत. पण लिफ्टला कुठे रक्तगट लागतो?"