पडून ऐकलेलं

नाही नाही काका, त्या टोकाला नका बसू, इकडे बसा, दाराजवळ — तिथं खड्डा आहे. म्हणजे खड्डा नाही, आकार आहे. हो, सोफा तुमचाच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? कापड बदललंय बघा, तुम्ही निवडलेलं हिरवंच, शिलाई ओढून बघा, जोरात ओढा, काही होत नाही. फोम तेवढा राहिलाय. आलाय हो फोम, तो काय कोपऱ्यात उभा आहे, त्याच्यावर मी माझा डबा ठेवतो. मागे फोनवर फोम आला नाही म्हणालो ते खोटं होतं. त्याच्या आधी कापड संपलं म्हणालो तेही खोटं. गाडी बाहेर उभी आहे, दिसतंय मला, हमालही दिसतायत, त्यांना म्हणावं सावलीत बसा जरा. दोन मिनिटं. तुम्ही कधी गाण्यांचं मासिक वाचता का? नाही? मग तुम्हाला पहिल्यापासून सांगावं लागेल.

दादा कुठाय? दादा नाहीये. नाहीये म्हणजे — गेला. चार महिने झाले. दवाखान्यात गेला, तिकडेच. नाही, असू दे, तुम्हाला कसं माहीत असणार, मी कुणालाच सांगत नाही. लोक तोंड वाईट करतात आणि मग मलाच त्यांना पाणी द्यावं लागतं.

तर मासिक. त्यात दादाचं सदर आहे, 'पडून ऐकलेलं'. रॉक, मेटल, लोकसंगीत, जो अल्बम येईल तो ऐकायचा आणि कसा आहे ते लिहायचं. शाळा आमची दोघांची सारखीच, म्हणजे नसल्यात जमा, पण त्याचे कान आणि तोंड दोन्ही चालायचे. आणि पद्धत होती त्याची. रॉक सोफ्याच्या कडेवर बसून ऐकायचं, कारण त्या लोकांना कुठंतरी जायची घाई असते. मेटल पालथं पडून, म्हणजे आधी पोटाला कळतं, मग कानाला. आणि लोकसंगीत उताणं. का? तर म्हणे ही गाणी दमलेल्या माणसांनी केलीत, आपण ताठ बसून ऐकली तर ती लाजतात. आता तुम्ही म्हणाल, आमचा सोफा का? अहो, आमच्या घरी सोफा कुठाय! सोफेवाल्याच्या घरी सतरंजी. गिऱ्हाइकाचे यायचे त्यांच्यावरच ऐकायचा. तुमचा आला तेव्हा हात फिरवून म्हणाला, "हा मेटलला द्यायचा नाही हं, हा लोकसंगीताचा सोफा आहे." मान आहे तो, काका! वाईट वाटून घेऊ नका. त्या वकिलीणबाईंच्या खुर्चीवर तर त्यानं एकही गाणं ऐकलं नाही.

आणि लिहायचा कसा! एकदा लिहिलं, 'गाणी बरी आहेत पण लांबी जास्त, पाय बाहेर लटकतात.' एका मेटलवाल्यांबद्दल लिहिलं, 'ड्रम वाजवणाऱ्याला घरी जायचंय.' तो ड्रमवाला आला ना इथं! केस इथपर्यंत, अंगावर सगळीकडे कवट्या, मी कात्री हातात धरून उभा. तर तो रडायला लागला. म्हणे, खरंच जायचं होतं, बायकोचे दिवस भरले होते, तुम्हाला कसं कळलं? दादानं त्याला चहा पाजला आणि बाळासाठी उरलेल्या कापडाची गादी करून दिली. काळी. तो म्हणाला काळीच द्या.

सदर अजून चालू आहे. हो, चालूच आहे — आता तुम्ही कुणाला सांगू नका — मी लिहितो. संपादकांना ठाऊक नाही. सांगितलं की पानभर फोटो छापतील, दोन ओळी लिहितील आणि सदर बंद. मग दादाचं नाव छापून कसं येणार? आई म्हणते, "अरे, असं मेलेल्या माणसाला कामाला लावू नये." मी म्हटलं, आई, काम मीच करतोय, तो फक्त सही करतोय. मला काही कळत नाही त्यातलं. मी आपलं आमच्या धंद्यातलं लिहितो. परवाच्या मेटलला लिहिलं, 'स्प्रिंगा दणकट, पण कापड नीट ताणलेलं नाही. गाणारा असा ओरडतो जसा सोफा जिन्यात अडकल्यावर मालक ओरडतो.' संपादकांचा फोन! म्हणे, अलीकडे तुमची लेखणी खुलली आहे, काही झालंय का आयुष्यात? मी दादासारखं खोकलो आणि फोन ठेवला.

पण सगळ्यात गाजलं ते शेवटचं. म्हणजे दादाचं शेवटचं, माझं पहिलं. तो ऐकत होता ना, ती सीडी मशीनमध्येच राहिली होती. त्याचं काम अर्धं राहिलेलं, ते आपण पुरं करायला नको? म्हणून मी त्याचे हेडफोन लावले. मी कधी लावले नव्हते हो, तो ऐकायचा आणि मी शिलाई मारायचो, मला आमच्या मशीनचाच आवाज. तर — एक बाई बोलते. परकी भाषा, एक अक्षर कळत नाही, पण काय शांत बोलते! मग खरखर, खरखर, झाडल्यासारखं. मग छोटीशी धून. मग परत बाई. मी इथं जमिनीवर बसलो आणि जे रडलो — आई गेली का म्हणून शेजारचा लोहार धावत आला. मग लिहिलं, 'घरातलं माणूस गेल्यावर बाई अशीच बोलते आणि असाच केर काढते. लोकसंगीत. पाचपैकी पाच.' नाव? नावच नाही अल्बमला, नुसतं ब्रशचं चित्र. संपादक म्हणाले, हे मोठे कलावंत नाव लावत नाहीत. आणि पत्रं किती यावीत! कुठं मिळेल, कुठं मिळेल. एकानं तर कळवलं, मी या बाईंना समोर बसून ऐकलंय, आता थकल्या आहेत बिचाऱ्या.

म्हणून सोफा देत नाही, काका. तो शेवटचं ज्याच्यावर ऐकत होता तो हा, त्या टोकाचा आकार त्याचाच. अहो, उठू नका! उठू नका हो, बसा — कापड नवं आहे ना! हो, दवाखान्यात नेला, नेला नंतर. गेला इथंच. मग काय झालं? शांत गेला. दुपारी जेवून आडवा झाला, हेडफोन लावले, डोळे मिटले. आता त्याचा नियम असा, की अल्बम चालू असताना हाक मारायची नाही. हात लावायचा नाही. दुकान पेटलं तरी आधी गाणं संपू द्यायचं. तो स्वतः हेडफोन काढेल तेव्हा बोलायचं. आणि मशीनचं परत-परत वाजायचं बटण त्यानं कायम दाबलेलं, कारण एकदा ऐकून मत देणारा माणूस म्हणजे म्हणे तीन पायांचा सोफा. तर मशीनचा हिरवा दिवा चालू. मी गप्प. चहा आला, त्याचा चहा झाकून ठेवला. गार झाला, मीच प्यायलो. रस्त्यावरचे दिवे लागले तरी मी गप्प, तुमच्याच सोफ्याच्या पाठीचं कापड शिवत होतो, हातोडीसुद्धा हळू मारत होतो. मनात म्हटलं, आज काहीतरी भारी सापडलंय याला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला, त्याला कळलंही नसेल. मी म्हटलं, जाऊ दे, निदान गाणं मध्ये तोडलं नाही आपण. तेवढं तरी केलं त्याच्यासाठी. बरोबर ना? तेवढ्यावर मी रोज दुकान उघडतो, काका.

ती सीडी बघायचीय? थांबा, दाखवतो, कुणाला दाखवत नाही मी. कडेला धरा, मध्ये बोट नको. उलटी करा — ते बघितलंत, चकचकीत बाजूला बारीक-बारीक केस चिकटवलेत? ब्रशसारखे. काय नाजूक काम आहे! आम्ही उशीला गोंडे लावतो ना, तसं.

काय झालं?

हसताय का? हसताय की — काय? कशाची? पुसायची? काय पुसायची? ... मशीनची काच, आतली, ती पुसायची सीडी? ... तुमच्या घरी पण आहे? अशीच? आणि तीच बाई? तुम्हाला येते ती भाषा? मग काय म्हणते ती? ... 'सफाई चालू आहे, कृपया थांबा.'

बरोबर. हो, बरोबर. त्या दिवशी सकाळी अडकत होतं गाण्याचं मशीन. म्हणाला होता, "आधी याचं पोट साफ करतो, मग बघू."

म्हणजे तो ऐकत नव्हता. काहीच नव्हतं लावलेलं. नुसता टेकला होता, मशीन साफ होईपर्यंत. म्हणजे, काका — नियम अल्बमचा होता ना. सफाईचा काही नियम नव्हता. 'पोट साफ करतोय' म्हणायचा तेव्हा बोलायचा तो, कितीदा बोललाय, कशानं करतो ते मी कधी पाहिलं नाही, पण मला शिव्या द्यायचा, चहा मागायचा.

म्हणजे हाक मारली असती तर चाललं असतं.

नाही, तुम्ही काही बोलू नका. नका बोलू. हमालांना बोलवा आत. सरका जरा, त्या टोकाला येऊ द्या मला.

दादा. ए दादा. ऊठ, काकांना सोफा द्यायचाय.