वासुदेवभाऊची गळकी गाडी

तुमी विचारता ना, मी जुन्या गाडीले आता हात काऊन लावत नाई? ऐका मंग.

अहेरीत आमच्या शेजारी वासुदेवभाऊ राह्यते, लाकूड डेपोतून रिटायर झालेले. त्यायची जुनी गोल पाठीची कार. इंजिन मागं, रेडिएटर नाई, पाणी नाई, नुसत्या हवेनं थंड होणारं. वहिनी आजारी होत्या तवा त्यायले गडचिरोलीच्या दवाखान्यात याच गाडीतून नेत. वहिनी गेल्या, गाडी राह्यली. पण इंजिनातून तेल गळे. दिवाळीले पुण्याचा पोरगा आला, नव्या फरशीवरचे डाग पाहून म्हणे, "बाबा, गळती थांबली तर ठेवा, नाहीतर विकून टाकू."

भाऊ तसेच माह्या गॅरेजवर आले. "कसंबी कर, पण थांबव."

मी इंजिन खाली उतरवलं. इंजिनात तेल परत खाली आणणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यायचे रबरी सील दगडासारखे कडक झाले होते. नवे कुरिअरनं मागवले, मागचं ऑईल सीलबी बदललं. भाऊ रोज बाजूले स्टूल टाकून बसत. शेवटी इंजिन चढवलं, गाडी फिरवून आणली आन् खाली पेपर अंथरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपर कोरडा!

भाऊनं तिथूनच पोराले फोन लावला, स्पीकरवर.

"बाळा, एक थेंब नाई गळत आता."

"बरं झालं बाबा. गाडीचं गिऱ्हाईक तेच विचारत होतं. रविवारी येऊन घेऊन जाईल तो."

भाऊनं फोन खिशात ठेवला. मंग मले म्हणाले, "एवढं चांगलं काम काऊन केलं रे तू?"