मिठाच्या पाण्याची सुई

—छे छे, विष कसलं, मिठाचं पाणी आहे ते! बसा हो, शेजारी, पळताय कुठे? तुम्हीच ना आत्ता दारात आमच्या सूनबाईला, तियानाला म्हणालात, 'घासभर केक खाल्ला तर काय होतंय, संताचा सण आहे'? मग! या घरात जो असं म्हणतो, त्याच्या ताटाशेजारी हे सुईचं पेन येतं. तियाना रागावून नाही ठेवत हं — हसत ठेवते, तेच जास्त लागतं. तुम्ही वरच्या मजल्यावर नवीन, तुम्हाला काय माहीत! गेल्या सणाला आमच्या वन्सं, वुकोसावा, हेच म्हणाल्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, भाजलेलं डुक्कर टेबलावर, आणि वन्सं केकचा तुकडा घेऊन तियानाच्या मागे मागे — 'अगं, संताचा अपमान होतो!' आणि आमचा म्हातारा, ओब्राद — तो बघा कोपऱ्यात बाटलीतली राकिया पेल्यांत ओततोय, तुम्हाला डोळा मारतोय तो — तो म्हणाला, 'लहानपणापासून मधुमेहाची सुई टोचून घेतेय, एव्हाना सवय झाली असेल. डास चावल्यासारखं तर असतं.' मी? मी केक कापत होते. तिच्यासाठीच कापत होते, पण ते जाऊ द्या.

मग एके दिवशी तियाना दवाखान्यातून पिशवी घेऊन आली. तिथली नर्सबाई देते अशी पेनं, घरच्यांना समजावं म्हणून — आत इन्सुलिन नाही, नुसतं मिठाचं पाणी. प्रत्येकाच्या ताटाशी एकेक ठेवलं आणि म्हणाली, 'बाबा, डास आणलेत. आठवडाभर पुरतील.' तोंडात काही घालायच्या आधी बोट टोचून साखर बघायची, ताटात काय आहे त्याचा हिशेब करायचा, मग पोटाला सुई. रोज, दर वेळी, आणि झोपताना आणखी एक. ओब्राद हसला. रेल्वेत जन्म गेला त्याचा, इंजिनाखाली शिरणारा माणूस — शर्ट वर केला, सुई लावली, आणि बसला. नुसता बसला. सूप गार झालं. 'दाबा ना, बाबा.' 'दाबतो.' 'दाबा.' 'दाबतोय गं, ओरडू नकोस!' — ओरडत तर तोच होता. शेवटी दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याला रुळावर ढकललं.

आणि खरी पंचाईत पुढे होती. आमचा म्हातारा जेवत नाही हो, चरतो. स्वयंपाकघरातून गेला की एक बिस्कीट, परत आला की एक आलुबुखार, मध्येच पावाची कड. आता प्रत्येक वेळी सुई! पाव किती जाड? बटाटा मोठा की लहान? तियाना विचारायची आणि हा डोकं धरायचा. बाजारात मधवालीने चव बघायला चमचा पुढे केला, तर याने भर बाजारात शर्ट वर केला. मधवालीने पोलिसाला हाक मारली! पोलीस आला, याने त्यालाच सगळं समजावलं, पोट उघडं ठेवून, आणि पोलीस म्हणाला, 'माझ्या आईला पण आहे' — आणि मग दोघं तिथेच उभे, मध कुणीच खाईना.

माझा मिलुतिन? तो काय, नवराच तिचा. मला सगळं माहीत आहे म्हणाला आणि आठवडाभर बाहेरून खाऊन आला. वन्संनी तर उपासच धरला. कुठल्या संताचा, ते सांगेनात. मग मी लोणच्याची बरणी आणायला कोठीत गेले, तर अंधारात वन्सं, भिंतीकडे तोंड करून, गालात केक. म्हटलं, 'अहो, लपून काय खाताय?' तर डोळ्यांत पाणी — 'सगळे ताटाकडे बघतात गं. काय खाते, किती खाते. घास उतरत नाही.' वळून बघते तर मागे तियाना. मला वाटलं आता हसणार. नाही हसली. 'आत्या, सरका जरा,' म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बटाट्याच्या पोत्यावर जाऊन बसली.

मग तो दिवस — तो सांगावा की नको? सांगतेच. वन्संच्या मैत्रिणी आल्या होत्या. तियानाने जेवायच्या आधीची सुई घेतली, मी म्हटलं, दोन मिनिटांत वाढते, आणि बसले गप्पा मारत. तियाना हसायला लागली. कशालाच नाही, उगीच. मग तिने पायातल्या सपाता काढल्या आणि नीट, जोडीने, फ्रीजमध्ये ठेवल्या. बायका हसल्या. मीही हसले. मला वाटलं, हिचा आणखी एक खेळ. काय बघताय असे? घामाने केस कपाळाला चिकटले होते पोरीचे, आणि मी हसत होते. ओब्राद खुर्ची पाडून उठला, माझ्यावर ओरडला — 'टोचलंय तिने! राडोयका, टोचलंय आणि खाल्लं नाहीये अजून! साखर उतरलीय तिची!' साखर घातलेलं सरबत तिच्या तोंडाला लावलं. ती हात झटकते, हा म्हणतो, 'पी, पोरी, पी.' निम्मं त्याच्या अंगावर, निम्मं तिच्या पोटात. हळूहळू तिचा चेहरा परत आला. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, 'माझ्या सपाता कुणी फ्रीजमध्ये ठेवल्या?' ओब्राद म्हणाला, 'मी.' आणि बाल्कनीत गेला तो कितीतरी वेळ आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, 'तुमच्या पेनात मीठ आहे, बाबा. चुकलं तर चुकलं. आणि तुमचा आठवडा संपणार आहे.'

संपला हो आठवडा. सगळ्यांनी पेनं तियानाला परत दिली, ओब्रादने तर त्या सकाळी अख्खा पाव उभ्याने खाल्ला. मी पण दिलं. — नाही दिलं. हे बघा, एप्रनच्या खिशात. नर्सबाई म्हणते, 'काकू, औषध नाही ते, कशाला टोचून घेता?' सुया मात्र देते बिचारी. वेडेपणा आहे, मला कळत नाही का? पण ती पूर्वी बाथरूमचं दार लावून घ्यायची. माझ्या घरात राहून, दार लावून! आता कॉफी उकळत असते आणि आम्ही दोघी ओट्याशी, शर्ट वर करून. म्हणते, 'आई, तुमच्याकडे जागा फार.' घ्या! आणि तेवढ्या वेळात बोलते हो ती. काय बोलते, ते नाही सांगणार. आमचं असतं ते. काल म्हणाली, दिवस गेलेत, आणि भीती वाटते — अरे देवा. सांगितलंच की मी. मिलुतिनला पण माहीत नाही अजून! ती आज रात्री सांगणार आहे, पाहुणे गेल्यावर, आणि मी इथे वरच्या मजल्याच्या माणसाला — तुम्ही असे गप्प बसून राहता ना, म्हणून होतं हे! माणसाने मध्ये बोलावं काहीतरी!

आले गं, आले! — नाही, तुम्ही नाही उठायचं. तिची सुई घ्यायची वेळ झाली, तिथे तुमचं काय काम? ओब्राद, यांना राकिया दे. मोठा पेला दे. आणि शेजारी, तुम्ही काही ऐकलेलं नाही. मान काय हलवताय? ऐकलंच नाही, तर मान कशाला हलवायची! खा.