शिक्क्यावरचं नाक

(मोंत्रेलचा किल्ला. इझाबोच्या तिसऱ्या लग्नाची आदली दुपार. थोरली बहीण पेर्नेल मठातल्या जाड्याभरड्या झग्यात. दोघींच्या मध्ये टेबलावर इझाबोचा शिक्का आणि एक हातोडा.)

पेर्नेल : तिसरा! लोकांना एक मिळत नाही, आणि तुला नवरे कसे ताटात वाढून येतात गं?

इझाबो : ताई, आज तरी नको.

पेर्नेल : मग कधी? उद्या तू या तिसऱ्याच्या ओव्हेर्न्यला चाललीस. पहिला नवरा गेला, तर धाकटा दीर मोठा होईपर्यंत त्याच्या घरचा कारभार तुझ्या हातात. दुसरा धर्मयुद्धात गेला, तर इथे लेकाच्या, तिबोच्या नावाने राज्य तुझंच. आणि मी? मठात कांदे सोलत होते.

इझाबो : तिबो झाला तेव्हा मठातून तुला मीच बोलावून घेतलं ना?

पेर्नेल : दाई हवी होती म्हणून! आणि तिबोचा बाप कुणाला बघायला आला होता? मला. तू वाईन घेऊन आत आलीस, आणि संपलं.

इझाबो : बाबांनी पाठवलं म्हणून आले.

पेर्नेल : तो हिरवा झगाही बाबांनीच घालायला सांगितला?

इझाबो : झगा तुझाच होता.

पेर्नेल : तेच म्हणतेय मी! ...जाऊ दे. भांडायला नाही आले. पुन्हा लग्न केलंस की तिबोवरचा तुझा हक्क सुटतो. उद्या सरदारांपुढे पालक म्हणून कुणाचं नाव घेणार आहेस?

इझाबो : तिबोच्या काकांचं, गोतिएभावजींचं.

पेर्नेल : त्याचं? पोर घोड्यावरून पडलं की त्याला हसू येतं! माझं नाव घे, इझाबो.

इझाबो : नाही.

पेर्नेल : का?

इझाबो : कारण तिबोला ताप आला की मी उशाशी बसलेली असते, आणि तो म्हणतो, मावशीला बोलवा. जळफळाट होतो माझा! तुला काय वाटतं, तू एकटीच जळतेस?

पेर्नेल : तू माझ्यावर जळतेस? माझ्यावर?

इझाबो : आणि हा शिक्का. बाळंतपणात मला उभं राहवत नव्हतं, म्हणून कोरणाऱ्यापुढे ससाणा हातावर घेऊन तू उभी राहिलीस. त्या खुळ्याने हुबेहूब तुलाच कोरलं! हे लांब नाक माझं आहे? माझ्या प्रत्येक हुकमावर तुझं नाक!

पेर्नेल : मला वाटलं, तुझ्या कधी लक्षातच आलं नाही. मेणावर शिक्का उठला की मी मुद्दाम बघायला यायची. तेवढंच राज्य होतं माझं.

इझाबो : उद्या माझा इथला कारभार संपला की रीतीप्रमाणे शिक्का फुटेल. कधी फुटतो असं झालंय मला.

पेर्नेल : उद्या कशाला? दे हातोडा, मीच फोडते. नाक गेलं, तुझे नवरे गेले, तो झगाही गेला. सगळं सोडलं मी. फक्त पोर गोतिएच्या हाती देऊ नकोस. तिबोला अंधाराची भीती वाटते गं. सरदार हसतील म्हणून कुणाला सांगत नाही. फक्त मला सांगितलंय.

इझाबो : फक्त तुला.

पेर्नेल : आता पुन्हा जळू नकोस.

इझाबो : जळणारच. हातोडा खाली ठेव.

पेर्नेल : म्हणजे?

इझाबो : पालकाला शिक्का लागतो. कडेचं माझं नाव घासून तुझं घालायला सांग. आत कोरलेली बाई तर तूच आहेस.