सोमवारी निघणाऱ्या पेट्या

दामोदर : नाही येणार म्हटलं ना! डोकं दुखतंय माझं.

प्रतिमा : डोकं नाही, पोट दुखतंय तुमचं. पेपरात शेषगिरींचा फोटो आला तेव्हापासून दुखतंय.

दामोदर : काहीतरीच! इतकी वर्षं एका लॅबमध्ये आहोत, एका टेबलावर डबा खातो आम्ही.

प्रतिमा : म्हणूनच की. परका असता तर एवढं लागलं नसतं. उठा. मंडळात सगळे वाट बघतायत. सत्काराचा हार तुम्हीच घालायचाय, सेक्रेटरी ना तुम्ही?

दामोदर : त्याचा जॅमर म्हणे! दोन-चार ड्रोन पाडले की झाला हीरो. अगं, माझं रडार त्याच्या दसपट सरस आहे. टेस्टिंग झालं, सह्या झाल्या, त्याच्या पेट्या यशवंतपूरच्या रेल्वे यार्डात जाऊन बसल्या. सोमवारी सीमेकडं गाडी निघणार होती!

प्रतिमा : आणि शनिवारी युद्ध थांबलं.

दामोदर : हो ना! अजून चार दिवस जरी चाललं असतं...

प्रतिमा : तर काय?

दामोदर : काही नाही.

प्रतिमा : बोला की.

दामोदर : प्रूव्ह झालं असतं, एवढंच. फील्डवर.

प्रतिमा : फील्डवर माझा भाऊ होता हो.

दामोदर : मला काय ठाऊक नाही?

प्रतिमा : शनिवारी बातमी आली. मी देवापुढं बसून ढसाढसा रडले, माझा रवी वाचला म्हणून. शेजारच्या विद्याक्का साखर घेऊन आल्या. आणि तुम्ही रिमोट आपटलात. मला वाटलं, आनंदानं भान सुटलं. किती खुळी मी!

दामोदर : तू नको तो अर्थ काढतेयस.

प्रतिमा : मग कुठला काढू? परवा मंडळात तुमचं भाषण झालं, युद्धं का होतात यावर. सीमा, पाणी, तेल, शस्त्रं विकणारे, खुर्ची न सोडणारे. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या मी. त्यात हे कुठं होतं? शेजारच्या टेबलावरच्याला हार मिळाला, मला नाही, म्हणून अजून चार दिवस चालू दे?

दामोदर : माझ्या मनात आल्यानं युद्ध चालतं का?

प्रतिमा : एकट्याच्या नाही चालत. पण तिकडं पलीकडंसुद्धा कुणीतरी पेट्या भरून बसला असेल की. त्याच्याही शेजारी एक शेषगिरी असेल. अशी किती माणसं लागतात हो, ते तरी सांगा.

दामोदर : जळतो मी त्याच्यावर! झालं समाधान? झोप लागत नाही मला. रिटायरमेंट तोंडावर आली, आणि मी केलेली एक वस्तू कुठं कामाला आलेली बघितली नाही.

प्रतिमा : जळा. माणूस आहात, जळणारच. पण त्यात माझा रवी कशाला?

दामोदर : युद्ध कायमचं थांबावं असं मलाही वाटतं गं. मनापासून वाटतं.

प्रतिमा : पेट्या पोचल्यावर.

दामोदर : ...चल. घालतो हार.

प्रतिमा : स्वल्प थांबा, एक मिनिट. एकच विचारते, खरं सांगा. उद्या परत लढाईला तोंड लागलं, तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? रवी, का पेट्या?

(दामोदर चपला घालतो. एक काढतो, पुन्हा घालतो.)

दामोदर : रवी.

प्रतिमा : सरी, ठीक आहे. चला. वेळ लागला हो तुम्हाला.